लोकलमधला खर्ज

२४ जून २०२४, सोमवार

सकाळची जलद गाडी डोंबिवली सोडली की थेट ठाण्याला थांबते, आणि माझं गाणं बुडतं ते नेमकं याच टप्प्यात. आज अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला होता. फलाटावर उभी होते तोवर मंद्रातला एकेक स्वर स्वच्छ ऐकू येत होता. कोपर मागे पडलं, दिव्याजवळ गाडीने वेग धरला आणि आधी तंबोरा गेला, मग डग्गा, मग खुद्द खाँसाहेब. उरला तो तबल्याच्या चाटेचा टकटकाट आणि दारातल्या बायकांची "ठाण्याला कोण कोण उतरणार?" ही विचारणा.

कानात साधे बड होते. कानाच्या खळग्यात नुसते टेकणारे, रबर नसलेले, वर स्पंजची काळी टोपी. घरी खिडकीशी बसून यांच्यावर ऐकते तेव्हा दुसऱ्या कशातूनही गाणं इतकं मोकळं येत नाही. गवई समोर, तबलजी एका बाजूला, तंबोरे मागे, अशी बैठक मांडली जाते. तेच बड मुंब्र्याला निकामी होतात.

आवाज वाढवायचा नाही असं ठरवूनच प्लेअर खिशात ठेवला होता. जुना, चिमट्याने ओढणीला अडकवता येणारा सॅनडिस्कचा छोटा प्लेअर आहे. त्यात फोन वाजत नाही, निरोप येत नाहीत, फक्त गाणी आहेत. आवाज वाढवला की खाँसाहेब परत येतात खरे, पण ठाण्याला गाडी थांबून खडखडाट ओसरला की तोच आवाज कानात टोचतो. म्हणजे मधली सगळी मिनिटं कान तेवढंच सोसत होते, फक्त ते कळत नव्हतं.

आता रबराच्या टोपीचे, कानाच्या नळीत जाणारे घेऊन पाहायचे. कसोटी एकच: दिवा ते कळवा या टप्प्यात बटणाला हात न लावता खर्ज ऐकू आला पाहिजे.

२७ जून, गुरुवार

भाच्याला फोन केला. तो ठाण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि असल्या गोष्टींवर तासभर बोलू शकतो. त्याला विचारलं, बडचा पडदा चांगला १५ मिलिमीटरचा, नळीत जाणाऱ्यांचा बहुतेक ६ ते १० चा. मोठ्या पडद्यातून खर्ज कमी कसा येतो?

"मावशी, पडदा हवा हलवतो गं, पण ती हवा कोंडलेली असली तर दाब तयार होणार ना. बडच्या कडेने सगळी फट असते. वरचे स्वर तरीही कानात पोचतात, खालचे फटीतून निघून जातात."

म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्यासारखं. माठ मोठा असून उपयोग नाही.

मग हिशेब मांडत बसले. पुरुष गवयाचा षड्ज काळी एक धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० च्या आसपास. डग्ग्याचा घुमाराही याच तळाच्या वस्तीत. बड जिथे गळतात तो नेमका हा भाग, आणि गाडीची घरघर, डब्याचा हादरा, चाकांचा दणका हेसुद्धा इथेच जमा होतात. खर्ज दोन्हीकडून मार खातो: आतून गळतो आणि बाहेरून झाकला जातो. हिंदी सिनेमातलं किंवा हल्लीचं गाणं यातून बऱ्यापैकी तरतं, कारण त्याची पातळी पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखी ठेवलेली असते. ख्यालाचं तसं नाही. विलंबिताची सुरुवात कुजबुजीइतकी हळू आणि शेवटच्या ताना त्याच्या कितीतरी वर. आवाज सुरुवातीला जुळवला तर शेवट फाडतो, शेवटाला जुळवला तर सुरुवात हरवते. म्हणून गाडीत ख्याल ऐकणाऱ्याला निवड करताना सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यापेक्षा जास्त विचार करावा लागतो. दुकानात उभं राहून कुठलंतरी दणदणीत गाणं लावून घेतलेली परीक्षा आपल्या कामाची नाही.

गाडीचा गोंगाट पूर्वी याहून जास्त होता; तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरच्या वर लांबीचा. खिडक्या उघड्या, दारं उघडी, आणि भिंतींवरून आवाज परत अंगावर यायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे आणि दिवा यांच्यामधल्या पाचव्या-सहाव्या मार्गिका झाल्या, तेव्हापासून जलद लोकल मुंब्रा-कळव्यावरून जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. कानांच्या बाजूने पाहिलं तर हा बदल चांगलाच झाला.

१ जुलै, सोमवार

आज वॉकमनला ४५ वर्षं झाली. १ जुलै १९७९ ला सोनीने पहिला वॉकमन जपानमध्ये विकायला काढला. त्याबरोबरचा हेडफोन डोक्यावरून घ्यायचा, कानांवर स्पंजच्या गाद्या, वजनाला अगदी हलका. त्या पहिल्या यंत्रातल्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक म्हणजे हेडफोन लावायला दोन भोकं होती, दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून. अकिओ मोरिता यांना वाटलं होतं की एकट्यानेच कान बंद करून बसणं शेजारच्याचा अपमान केल्यासारखं होईल. दुसरी म्हणजे एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. भोवतालचं जग कानात किती येऊ द्यायचं हा प्रश्न पहिल्याच यंत्राबरोबर आला होता आणि त्याचं उत्तरही त्यांनी बटणाच्या रूपाने दिलं होतं.

पुढे छोटे बड आले, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड आणला तेव्हा त्याच्याबरोबरच्या पांढऱ्या बडनी जग भरून गेलं. नळीत जाणाऱ्यांचं मूळ मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ काढला, तो श्रवणयंत्रांच्या विद्येतून. कंपनीचे संस्थापक मीड किलियन श्रवणयंत्रांवरच काम केलेले. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी जे शिकले, ते त्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्यांच्या गाण्यासाठी वापरलं. आज बिनतारी संचांतही हेच दोन पंथ दिसतात: साधे एअरपॉड्स टेकणारे, २०१९ चे एअरपॉड्स प्रो रबर घालून आत जाणारे.

संध्याकाळी ठाण्याला उतरले. भाचा स्टेशनबाहेर उभाच होता. गोखले रोडच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदार पहिल्यांदा बिनतारीच दाखवत होता. वायरचे, साडेतीन मिलिमीटरच्या पिनचे हवेत म्हटल्यावर त्याने खालच्या कप्प्यातून खोके काढले. रबरवाले कानात घालून पाहू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. भाच्याने त्याच्या खिशातल्या स्वच्छ टोप्या चढवून ऐकले आणि एक जोड निवडला. "बास जास्तीचा नाहीये यात, तुझ्या गाण्याला हाच बरा," म्हणाला. पोराने माझ्यासाठी स्वतःची आवड बाजूला ठेवली.

घरी येऊन खोकं उघडलं. छोट्या, मधल्या, मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या जोड्या. मधल्या आधीच चढवलेल्या असतात आणि बहुतेक लोक त्याच ठेवून बाकीच्या पुडीसकट फेकून देतात. मी आरशासमोर बसले. एका हाताने कान वर आणि मागे ओढायचा, तोंड किंचित उघडायचं, दुसऱ्या हाताने टोपी हलकेच फिरवत आत न्यायची, मग कान सोडायचा. नीट बसली की पंख्याचा आवाज एकदम लांब जातो. उजव्या कानाला मधली टोपी बसली, डाव्याला मोठी लागली. डावीकडे मधली असताना डग्गा उजव्या बाजूला झुकल्यासारखा वाटत होता. टोपी बदलली आणि डग्गा मध्यावर आला.

५ जुलै, शुक्रवार

कसोटी उतरली. दिवा, मुंब्रा, कळवा, आणि मारव्याचा खर्ज शाबूत. बटणाला हात लावला नाही. उलट, आवाजाची रेघ बडच्या वेळेपेक्षा बरीच खाली होती.

सगळा आवाज थांबतो असं नाही, हे लिहून ठेवते. चाकांची किंकाळी, बोलणी, भोंगा यांना रबर चांगलं अडवतं. तळाची घरघर काही प्रमाणात येतेच, ती हाडांतून आणि बाकड्यातूनही येते. पण गळती बंद झाल्यामुळे गाण्याचा खर्जही आता तितकाच भरदार आहे, आणि तो घरघरीच्या वर राहतो.

तोटेही आजच कळले. वायर कुर्त्यावर घासली की थेट कानात खरखर. भाच्याने सांगितल्याप्रमाणे वायर कानावरून मागे घेऊन खाली सोडली, चिमट्याने गळ्याशी अडकवली, खरखर बरीच कमी झाली. चालताना मात्र स्वतःचं पाऊल डोक्यात धपधप वाजतं आणि पाणी प्यायलं तर घोट ऐकू येतो. आणि बैठक गेली. बडमध्ये तंबोरे मागे होते, इथे ते डोक्याच्या आत आहेत. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला तेव्हा हे फार जाणवलं. त्या गाण्याभोवती मोकळी जागा लागते.

८ जुलै, सोमवार

रात्रीपासून कोसळतोय. मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. रुळांवर पाणी, गाड्या विस्कळीत. डोंबिवलीच्या फलाटावर छत्र्यांची रांग, प्रत्येकाचं लक्ष उद्घोषणेकडे.

माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी रबराचे घालून मान डोलावत उभी होती. गाडी पलीकडच्या फलाटावर येत असल्याचं जाहीर झालं, अख्खा फलाट जिन्याकडे वळला आणि ती तशीच उभी. मी खांद्याला हात लावून सांगितलं, तेव्हा बिचारी धावली. अशा दिवशी आणि अशा जागी रबर नको. फलाट, पूल, रिक्षाचा रस्ता, इथे कान उघडे हवेत. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हाच आहे, तरी कोपर-ठाकुर्लीच्या बाजूला लोक ओलांडतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या कानांत वायर लोंबताना दिसते. ते पाहिलं की माझा जीव घशाशी येतो. भोंगा अडवणारी वस्तू घालून रुळांत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

ऑफिस गाठणं जमलं नाही. दुपारभर घरी बडवर भूप ऐकला. बाहेर पाऊस आणि आत तंबोरे, दोन्ही एकदम ऐकू येत होते.

११ जुलै, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डाव्या कानाला खाज सुटली होती. पावसाळ्यात कानात बुरशी धरण्याचे रुग्ण वाढतात, म्हणाले. दमट हवा, घाम, आणि वरून रबराने हवा बंद. माझ्या कानात तसलं काही नव्हतं, पण त्यांनी नियम घालून दिला: अंघोळीनंतर किंवा भिजून आल्यावर कान कोरडा होईपर्यंत काहीही घालायचं नाही, टोप्या रोज पुसायच्या, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायच्या, आणि आपल्या टोप्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. कानात काडी घालायची नाही, कारण मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. रबरही तेच करतं. घरी येऊन टोपी काढून पाहिली तर बारीक जाळीवर पिवळसर थर होता. जाळी खाली धरून कोरड्या, मऊ दातांच्या ब्रशने झाडली. जाळी वर धरली तर मळ आतच पडेल.

मग आवाजाचं बोलणं निघालं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये ऐकण्याच्या साधनांसाठी मिळून जो मानदंड केला, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास अशी मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५.

डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्याचे आठवड्याला पंधरा तास सहज गाडीत जातात. त्याने बडचा आवाज गाडीच्या वर चढवत ८९ ला नेला, तर त्याचे आठवड्याचे पाच तास मंगळवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत संपले. बुधवार ते शनिवार सगळी उधारी. आणि ही उधारी फेडता येत नाही, कारण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला सुचलं नसतं. बड लावले की कानाला गाणं आणि गाडी दोन्ही सोसावी लागतात, रबराने निदान गाडीचा वाटा कमी होतो. पण त्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा माणूस आवाजही खाली आणतो. रबर घालून पुन्हा बटण वरच ठेवलं, तर कोंडलेला आवाज अधिकच वाईट.

आमच्या डब्यात विशीतल्या मुली आहेत. त्यांच्या कानांतलं गाणं मला समोरच्या बाकावर शब्दांसकट ऐकू येतं. त्यांना उद्यापासून हे आकडे सांगणार आहे.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. संध्याकाळच्या गाडीत आमच्या डब्यात भजन रंगलं. टाळ होते, एकीने बाकाच्या पत्र्यावर ठेका धरला. मी घाटकोपरलाच वायर गुंडाळून डबीत ठेवली. शेजारच्या मुलीने एका कानातलं काढलं, मग थोड्या वेळाने दुसऱ्यातलं. तिने ताल चुकवत का होईना, टाळ्या धरल्या. डोंबिवली आलेलं कळलंच नाही.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. कल्याणला माझ्या गाण्याच्या बाईंकडे गेले. वय झालं तरी बाई पहाटेचा रियाज सोडत नाहीत. सध्या त्यांच्या तंबोऱ्याची जवारी लावायला दिली आहे, म्हणून सून मोबाइलमधला तंबोरा लावून देते, पण खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे आणि एवढ्या पहाटे मोबाइल मोठ्याने वाजवायला बाईंना संकोच वाटतो. म्हणून मी दोन्ही जोड घेऊन गेले होते. रबराच्या नव्या टोप्या चढवल्या, कान ओढून नीट बसवल्या, तंबोरा लावला.

बाईंनी षड्ज लावला आणि लगेच हात वर केला. "अगं, काढ हे. माझाच आवाज डोक्यात घुमतोय. सूर लागला की नाही, कळायचं कसं?"

बरोबर होतं त्यांचं. कानाची नळी बुजली की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आतच कोंडतो, जड आणि फुगलेला होतो. गाणाऱ्याला आपला आवाज खोलीतून परत आलेला ऐकायचा असतो, त्यावरच तो सूर बसवतो.

मग बड दिले. बाईंच्या कानात ते सैल बसत होते, स्पंज चढवल्यावर राहिले. तंबोरा अगदी हळू ठेवला. बाईंनी डोळे मिटून पुन्हा षड्ज लावला, मंद्र पंचमापर्यंत गेल्या, परत आल्या. खर्जाची तार बडमधून क्षीणच येत होती. पण पहाटे कल्याणमधल्या त्या खोलीत गाडीची घरघर नसते, त्यामुळे तेवढी पुरत होती, आणि बाईंचा गळा त्यात मोकळा मिसळत होता. "हे ठेव इथेच," म्हणाल्या. "आणि तू ते रबराचं घालून रियाज करत नाहीस ना?" मी नाही म्हटलं. "गाडीत ऐकायला चालेल. गायला नाही."

बाईंनी मग मला मारव्याचा कोमल रिषभ पुन्हा पुन्हा घ्यायला लावला. खाँसाहेब गाडीत ऐकून माझा रिषभ जागेवर येऊ लागलाय, हे त्यांनी लगेच हेरलं आणि आनंदाने सांगितलं. पूर्वी गोंगाटात ती जागा मला ऐकूच येत नव्हती.

स्पंजच्या टोप्या लवकर फाटतात. उद्या संध्याकाळी ठाण्याला उतरून बाईंसाठी एक पाकीट घ्यायचं, आणि स्वतःसाठी बडचा दुसरा जोड.